लेबलमीमांसा, अर्थात फिरणाऱ्या तबकडीवर कागद चिकटवावा काय

स्टीलच्या डब्यावर, पितळी तांब्यावर आणि वेळप्रसंगी चमच्याच्या दांड्यावरही नाव घातल्याशिवाय ती वस्तू आपली झाली असे न मानणाऱ्या समाजाच्या हाती १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची आणि पाठ पूर्णतः कोरी असलेली तबकडी आली, तेव्हा त्या पाठीचे पुढे काय होणार हे सांगण्यासाठी पंचांग उघडण्याची गरज नव्हती. जपानमधील ताइयो युदेन या कंपनीने १९८८ साली तयार केलेली ही रेकॉर्डेबल सीडी पुढील दहा-बारा वर्षांत इतकी स्वस्त झाली, की पनवेलच्या बाजारपेठेतील झेरॉक्सच्या दुकानांत ती वह्या आणि स्टॅम्पपेपर यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि तिच्यामागोमाग ए-फोर आकाराच्या कागदावर दोन-दोन गोल छापलेली, मागे गोंद असलेली लेबलेही आली. अशी लेबले तबकडीवर चिकटवावीत की चिकटवू नयेत, या प्रश्नाने पनवेलच्या अनेक सुशिक्षित कुटुंबांतील रविवारच्या दुपारी खर्ची घातल्या असून त्याचा इतिहास अद्याप कोणी लिहिलेला नाही, हे त्या कुटुंबांचे भाग्यच म्हणावे लागेल.

कागद चिकटवण्याची विद्या पनवेलला नवी नव्हती. १८७२ साली येथे स्थापन झालेल्या धूतपापेश्वर या आयुर्वेदिक औषधांच्या उद्योगाने या गावाच्या कैक पिढ्यांना लेबल लावलेली बाटली दाखवलेली होती, आणि जे लेबल बाटलीवर वर्षानुवर्षे शोभते ते तबकडीवर का शोभू नये, असा युक्तिवाद करणारे ज्येष्ठ नागरिक प्रत्येक सोसायटीत किमान एक तरी आढळत. या युक्तिवादातील उणीव एवढीच होती, की आसवाची बाटली फडताळात उभी राहते आणि मिनिटाला हजारो वेळा स्वतःभोवती फिरत नाही.

विषयाची शास्त्रीय बाजू समजून घेण्यासाठी तबकडीची रचना पाहणे आवश्यक आहे. सीडीचा बहुतांश भाग पॉलिकार्बोनेट या पारदर्शक, कठीण प्लास्टिकचा असतो. त्यावर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो, जो लेझर किरणाने ठिकठिकाणी भाजला गेल्यामुळे माहितीच्या खुणा धारण करतो. त्यावर किरण परतवणारा धातूचा अतिशय पातळ मुलामा असतो, आणि या सर्वांवर संरक्षणासाठी लॅकरचा, म्हणजे वार्निशच्या जातीचा, केवळ काही मायक्रोमीटर जाडीचा लेप असतो. लेझर खालून वाचतो, त्यामुळे प्रत्येक सुजाण मनुष्य खालची चकचकीत बाजू प्राणापलीकडे जपतो, तबकडी कडेला धरून उचलतो, चष्मा पुसण्याच्या मऊ फडक्याने ती पुसतो आणि चकचकीत बाजूला धक्का लागू नये म्हणून तबकडी टेबलावर पाठीवर घासत सरकवतो. वस्तुस्थिती अशी आहे, की खालच्या बाजूने माहितीपर्यंत पोहोचण्यासाठी सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची भिंत ओलांडावी लागते, तर वरच्या बाजूने केसापेक्षाही पातळ लेप. ज्या बाजूवर बॉलपेनने दाबून ‘गाणी’ असे लिहिले जाते, चहाचा कप ठेवला जातो आणि लेबल चिकटवले जाते, नेमकी त्याच बाजूला सगळी गाणी असतात.

डीव्हीडीची गोष्ट काहीशी निराळी आहे, आणि ही गोष्ट माहीत असलेला एक तरुण प्रत्येक गल्लीत असतो. तिच्यात ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असून माहितीचा थर मधोमध असतो, म्हणून पाठीवर ओरखडा पडला तरी माहिती थेट नष्ट होत नाही. हा तरुण कोणाच्याही घरी गेला की “सीडीला लेबल नको, डीव्हीडीला बिनधास्त लावा, काका” असा सल्ला देतो व काका बिनधास्त लावतात. अर्धे ज्ञान नेहमी बिनधास्त असते. डीव्हीडीवरील माहितीच्या दोन लगतच्या ओळींमधील अंतर ०.७४ मायक्रोमीटर असते, सीडीवर ते १.६ असते, त्यामुळे चिकटवलेल्या कागदाने चकती किंचित जरी वाकवली, तरी सीडीचा लेझर कसाबसा वाट काढतो आणि डीव्हीडीचा लेझर वाट चुकतो. म्हणजे सीडीला लेबल एका कारणाने बाधते व डीव्हीडीला दुसऱ्या, आणि बिनधास्तपणाला जागा कोठेच उरत नाही.

वेगाचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. गाणी ऐकण्यासाठी सीडी मिनिटाला साधारण २०० ते ५०० फेरे घेते, परंतु संगणकाचा ‘५२ एक्स’ असे मिरवणारा ड्राइव्ह तिला मिनिटाला सुमारे १०,००० फेरे देऊ शकतो. साधा गुणाकार केल्यास या गतीला तबकडीची कड, व तिच्यासोबत लेबलाची कड, ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाने धावत असते, असे दिसून येते. पनवेलला लागून असलेल्या कळंबोलीहून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीच्या भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असून ती ओलांडणाऱ्यास दंड होतो. घरात, शोकेसवर, क्रोशाच्या रुमालाखाली, ‘गणपती २००६’ असे लिहिलेला कागद त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने धावतो आणि त्याला कोणी अडवत नाही. असा कागद केंद्रापासून एक मिलिमीटर जरी बाजूला चिकटला असेल तर एका बाजूचे वजन वाढते, ड्राइव्हमधून पिठाच्या गिरणीची आठवण व्हावी असा आवाज येतो, आणि स्वयंपाकघरातून “मिक्सर कोणी लावला?” अशी पृच्छा होते.

तरीही लेबलाचा पक्ष दुबळा नव्हता. त्याचा खरा बालेकिल्ला म्हणजे लग्नाचे चित्रण. पनवेल, उरण आणि आसपासच्या गावांतील आगरी समाजात हळदीचा सोहळा हा लग्नाच्या तोडीचा, किंबहुना उपस्थितीच्या दृष्टीने लग्नाहून काकणभर सरस मानला जातो. धवळारणीचे धवळे, त्यानंतर रात्रभरचा नाच आणि पहाटेपर्यंतची जेवणावळ यांमुळे केवळ हळदीलाच एकाहून अधिक व्हिडिओ सीडी लागत, कारण एका तबकडीत तासाभराहून थोडे अधिक चित्रण मावते आणि काकालोक त्याहून बराच अधिक वेळ नाचतात. हळद भाग एक, हळद भाग दोन, लग्न, सत्यनारायण, असा संच स्टुडिओतून घरी आला आणि त्यांतील प्रत्येक तबकडी दुसरीसारखीच कोरी दिसत असली, तर काय अनर्थ ओढवतो हे सर्वश्रुत आहे. सगळे घर जमवून, पडदे ओढून, पोह्यांच्या बश्या वाटून कार्यक्रम सुरू होतो. अर्ध्या तासाने आत्यांना संशय येतो.

“हा नवरदेव आपला नाही वाटत.”

“अगं, मेकअप केलाय त्याला.”

“आणि नवरीला?”

“तिला तर केलाच असणार.”

चित्रणात स्वतःचा एकही नातेवाईक दिसत नाही, याचा उलगडा मंगलाष्टके संपल्यावर होतो, आणि दुसऱ्या कोणत्यातरी घरी त्याच वेळी अपरिचित मंडळींचा पाहुणचार पाहिला जात असतो. असे प्रसंग टाळण्यासाठी लेबल आवश्यक आहे, हे म्हणणे नाकारता येत नाही. मात्र ‘लग्न’ हे दोन अक्षरी लेबल या कामाला पुरेसे होते, आणि तेवढ्यावर कोणतेही कुटुंब कधी थांबल्याचे उदाहरण नाही.

लग्नाच्या तबकडीचे लेबल ही लग्नपत्रिकेची वर्तुळाकार आवृत्ती असे. तिच्यावर वरच्या कडेला ॥ श्री गणेशाय नमः ॥, त्याखाली कुलस्वामिनी, मग चि. आणि चि. सौ. कां. यांची संपूर्ण नावे, वडिलांची नावे, मूळ गाव, सध्याचे वास्तव्य, तिथी, वार, मुहूर्त, कार्यालयाचे नाव व पत्ता हे सर्व येई, आणि पार्श्वभूमीला नवरानवरीचे गुलाबांच्या पाकळ्यांतून उगवणारे छायाचित्र असे. डीटीपी करणाऱ्या मुलाच्या खुर्चीमागे वराचे मामा उभे राहत व मजकूर सांगत.

“मध्यभागी गणपती घे.”

“मामा, मध्ये भोक आहे.”

“मग नवरानवरीला मध्ये घे.”

“भोक त्यांच्यासाठी बाजूला जाणार नाही, मामा.”

“मग मध्ये तुमच्या स्टुडिओचं नाव टाक आणि काय करायचं ते कर.”

छायाचित्र कसेही बसवले, तरी ते मधले छिद्र कोणाच्या तरी नशिबी येई. बहुधा ते वधूवरांच्या हातांवर पडे, आणि हस्तमेलनाच्या शुभक्षणी दोघांनी हातांत नेमके काय धरले आहे हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राही. क्वचित ते मागे उभ्या असलेल्या व्याह्यांच्या चेहऱ्यावर पडे, आणि मग दोन घराण्यांच्या संबंधांवर जो परिणाम होई त्याची जबाबदारी स्टुडिओवर येई.

छापलेले लेबल तबकडीवर चिकटवण्याचा विधी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. या गोंदाचा स्वभाव असा, की तो पहिल्या स्पर्शाला धरतो आणि दुसरा विचार करू देत नाही. लेबल नीट मध्यावर यावे म्हणून मधोमध दांडा असलेले, वरून दाबायचे एक प्लास्टिकचे साधन बाजारात मिळत असे. दांड्यावर लेबल उलटे ठेवायचे, त्यावर तबकडी धरायची आणि श्वास रोखून एकदाच खाली दाबायचे, अशी त्याची रीत होती. घरातील सर्वांत स्थिर हाताचा मनुष्य या कामासाठी निवडला जाई, त्याच्याभोवती इतर सर्वजण सूचना देत उभे राहत, आणि म्हणून त्याचा हात स्थिर राहत नसे. त्यानंतर लेबलाखाली हवेचा फुगा राही. फुगा अंगठ्याने कडेकडे सरकवला की तो दुसरीकडे निघे. टाचणीने टोचावा असे एखादी मावशी सुचवी, आणि लॅकरचा लेप किती पातळ आहे हे वर सांगितलेच आहे. टाचणी टोचून फुगा बसवला की पूजेच्या चित्रणात सत्यनारायणाचा प्रसाद घेताना अख्खे घर चौकोनी ठिगळांत विभागून थिजून जाई, आणि दोष “चायना प्लेअर”च्या माथी मारला जाई.

यानंतर येतो पावसाळा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली ग्रंथपाल व अभिलेखपालांसाठी सीडी-डीव्हीडी हाताळण्याची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली असून तिच्यात दीर्घकाळ जपायच्या तबकड्यांवर चिकट लेबले लावू नयेत, लावलीच असतील तर ती काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि तबकड्या ४ ते २० अंश सेल्सिअस तापमानात व २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात, असे सांगितले आहे. जुलै महिन्यातील पनवेलमध्ये ही हवा ज्वेलर्सच्या दुकानाखेरीज अन्यत्र मिळत नाही. घराघरांत मिठाच्या बरणीत पाणी सुटते, कपाटातील चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी साय येते, आणि तबकडीवरील लेबल हवेतील ओल पिऊन प्रसरण पावते. दिवाळीनंतर तेच कोरडे होऊन आकसते, आणि प्लास्टिकची चकती त्याच्या मागे ओढली जाऊन उन्हात वाळणाऱ्या पापडाप्रमाणे कडेने उचलली जाते. लेबल इंकजेट प्रिंटरवर छापलेले असल्यास अनर्थ आणखी एका पायरीने वाढतो, कारण त्याची शाई पाण्यात विरघळते. अशा तबकडीवर मामांनी एवढ्या कष्टाने सांगितलेला मुहूर्त कुलस्वामिनीच्या नावात मिसळतो आणि नवरदेवाचा फेटा वधूच्या कपाळावर उतरतो.

मोटारीतील प्लेअरच्या बाबतीत तर लेबलाने जे केले ते अन्य कोणत्याही शत्रूला साधले नसते. या प्लेअरला बाहेर येणारा ट्रे नसतो. एका अरुंद फटीतून तो तबकडी आत ओढून घेतो, आणि फटीच्या आत इतकी थोडी जागा असते, की लेबलाचा सुटलेला एक कोपरा तिथे पाचर बनतो. पनवेलच्या पुढे गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर उन्हाने तापलेल्या मोटारीत गोंद मऊ होतो, कोपरा सुटतो, आणि भक्तिगीतांची तबकडी आत जी बसते ती बसतेच. बटण दाबले की प्लेअर आतल्या आत कण्हतो व पुन्हा पहिले गीत सुरू करतो. अशा मोटारीतून कुटुंबे कोकणात गेली, परत आली, मुले शाळेतून कॉलेजात गेली, आणि तेवढा सगळा काळ त्या वाहनात दुसरे गाणे वाजले नाही. मोटार विकताना गिऱ्हाईकाला “इंजिन उत्तम आहे, फक्त हरिपाठ बंद होत नाही” असे प्रामाणिकपणे सांगावे लागले, अशा कथा गॅरेजांतून ऐकू येतात, आणि त्यांत अतिशयोक्ती असली तरी ती फार नसावी.

शहाणपण साधारणपणे या टप्प्यावर सुचते, आणि शहाणपण सुचलेला गृहस्थ लेबल काढायला बसतो. मार्गदर्शिकेने ज्या एका गोष्टीस स्पष्ट मनाई केली आहे ती करण्याची मराठी घरातील तयारी परिपूर्ण असते: प्रथम नख, मग खोबरेल तेल, मग केस वाळवण्याचे यंत्र, मग रॉकेल, आणि सर्वांत शेवटी “सोड, मी करतो” असे म्हणणारे आजोबा. लेबल निघते, हे मान्य करावे लागेल. ते आपल्यासोबत लॅकरचा लेप, धातूचा मुलामा आणि त्याला चिकटलेले रंगद्रव्यही घेऊन निघते, आणि तबकडी उजेडासमोर धरली असता तिच्यातून समोरच्या इमारतीची गच्ची स्वच्छ दिसते. अक्षता पडल्यापासून पाठवणीपर्यंतचा विवाहसोहळा या वेळी कागदाच्या मागच्या बाजूला चंदेरी सालपटांच्या रूपाने उपस्थित असतो, आणि तो वाचू शकणारे यंत्र जगात कोठेही तयार झालेले नाही. एका सीडीवरील माहितीची सर्पिल ओळ उलगडली तर ती पाच किलोमीटरहून अधिक भरते, म्हणजे पनवेलच्या जुन्या बाजारपेठेतून निघाली तर गावाची वेस सहज ओलांडील. एवढी वरात आजोबांनी एका झटक्यात कागदावर उतरवून घेतलेली असते.

लेबलाच्या विरोधकांचा पक्ष, ज्याला सोयीसाठी मार्करपक्ष म्हणता येईल, तोही निर्दोष नाही. पाण्यावर आधारलेल्या शाईच्या, मऊ टोकाच्या पेनाने थेट तबकडीवर लिहावे, तीव्र द्रावकाची शाई व बॉलपेन टाळावे, हे तत्त्व योग्य आहे. त्याहूनही निर्धोक उपाय म्हणजे मधल्या छिद्राभोवतीच्या पारदर्शक कड्यावर लिहिणे, कारण तिथे माहिती नसतेच. परंतु त्या कड्याची रुंदी पाहता तिथे फार तर ‘चि. सौ. कां.’ एवढे मावते आणि पुढे वधूसाठी जागा उरत नाही. शिवाय मार्करपक्षाचे लोक लिहितात काय, हा प्रश्न उरतोच. या पक्षाच्या कोणत्याही सभासदाचा तबकड्यांचा डबा उघडला असता त्यात ‘विविध’, ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘महत्त्वाचे’, ‘फायनल’ आणि ‘फायनल (खरी)’ अशा शीर्षकांच्या तबकड्या सापडतात, आणि ‘महत्त्वाचे’ या तबकडीत काय आहे हे पाहण्यासाठी ती लावली असता तीत ‘नवीन’मधील एक गाणे दोनदा आढळते. प्रस्तुत लेखक या पक्षाचा जुना सभासद असून त्याचे हस्ताक्षर केवळ औषधविक्रेत्यांना लागते, ही बाब वाचकांनी त्याच्या निःपक्षपातीपणाचा अंदाज घेताना ध्यानात ठेवावी.

मधला मार्ग काढण्याचे प्रयत्न उद्योगाने केले नाहीत असे नाही. पाठीवर थेट छपाई करता येईल अशा पांढऱ्या तबकड्या आल्या. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने विकसित केलेल्या लाइटस्क्राइब पद्धतीत तर तबकडी उलटी घालून त्याच लेझरकडून पाठीवर करडी अक्षरे उमटवून घेता येत. पनवेलने या पांढऱ्या तबकड्यांचे मनापासून स्वागत केले, कारण पांढऱ्या पृष्ठभागावर चिकटवलेल्या लेबलाचे रंग अधिक उठून दिसतात.

घराबाहेर, म्हणजे कार्यालयांत आणि विद्यालयांत, लेबलाचे साम्राज्य अधिक भक्कम होते. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना अखेरच्या वर्षी प्रकल्प-अहवालाचे काळ्या कव्हरचे, सोनेरी अक्षरांचे जे बाड सादर करावे लागते, त्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात, आणि त्याच्या मागील पुठ्ठ्याच्या आत पाकीट चिकटवून त्यात प्रकल्पाची सीडी ठेवण्याची रीत दीर्घकाळ होती. नवीन पनवेल आणि खांदा कॉलनीच्या परिसरातील बाइंडिंगच्या दुकानांत एप्रिल महिन्याच्या मध्यरात्री जी गर्दी उसळे, तिच्यात आज्ञावली चालते की नाही याची चर्चा क्वचितच ऐकू येई. लेबलावर मार्गदर्शकांचे नाव विभागप्रमुखांच्या नावाआधी आले तर काय होईल, या चिंतेने मात्र सर्व गट ग्रासलेले असत. एका गटाने सुबक लेबलाची पूर्णपणे कोरी सीडी दिली आणि त्याला सादरीकरणाचे सर्वाधिक गुण मिळाले, अशी वदंता दर वर्षी नव्याने पसरे, आणि तिचा खरेपणा तपासण्यासाठी कोणी तरी पाकिटातून तबकडी बाहेर काढावी लागली असती, ही अडचण प्रत्येक वर्षी आड येई.

शासकीय खिडकीवर तबकडीला कागदाचीच नीती लागू होई. अर्जासोबत जोडलेल्या सीडीच्या मधल्या छिद्राचा व्यास १५ मिलिमीटर असतो. तो तेवढा का ठेवला गेला याची कारणे अभियंते काहीही सांगोत, नस्तीची दोरी ओवण्यासाठी तो आदर्श आहे हे आवक-जावक विभागाने पहिल्याच दिवशी ओळखले.

“यावर सही कुठे आहे?”

“साहेब, ती सीडी आहे.”

“मग लेबल लावा, लेबलावर सही करा, आणि एक सत्यप्रत जोडा.”

“सीडीची सत्यप्रत?”

“लेबलाची झेरॉक्स चालेल.”

कायद्याच्या क्षेत्रात हाच दृष्टिकोन अधिक गंभीर वेशात दिसतो. एका निवडणूक-याचिकेत पुरावा म्हणून सादर झालेल्या सीडींच्या संदर्भात, अन्वर विरुद्ध बशीर या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये असा निर्णय दिला, की भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्राचा कागद सोबत नसेल तर अशी तबकडी पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही. यामागील कायदेशीर तर्क निर्विवाद आहे. परंतु तबकडीतील आवाज कितीही स्पष्ट असला तरी ती आपण कोण आहोत हे स्वतः सांगू शकत नाही, कागदानेच ते सांगावे लागते, हे पनवेलमधील वराचे मामा न्यायालयाच्या कितीतरी आधीपासून म्हणत होते, याची नोंद घ्यावी लागेल.

आजमितीस हा वाद मिटल्यासारखा दिसतो, कारण नव्या लॅपटॉपना तबकडीचा ड्राइव्हच नसतो. तबकडी मात्र संपलेली नाही. एमआरआय किंवा सीटी स्कॅन केल्यावर मोठ्या पिशवीत फिल्मसोबत आजही अनेकदा एक सीडी मिळते, तिच्यावर रुग्णाचे नाव, वय आणि तपासणीची तारीख छापलेले लेबल असते, आणि शरीराच्या अंतर्भागाची शेकडो चित्रे डायकॉम नावाच्या, वैद्यकीय प्रतिमांसाठी ठरवलेल्या मानक स्वरूपात तिच्यात असतात. रुग्णाचे नातेवाईक ती पिशवी पोटाशी धरून तज्ज्ञांपुढे बसतात.

“डॉक्टर, सीडीपण आणली आहे.”

“फिल्म द्या.”

“सीडीत जास्त आहे म्हणाले.”

“असेल. फिल्म द्या.”

ती सीडी पुन्हा पिशवीत जाते, पिशवी गादीखाली जाते, आणि काही वर्षांनी घर बदलताना “ही बाबांची मान, टाकायची नाही” असे म्हणून नव्या घरातील नव्या गादीखाली जाते. लेबलाने तबकडीला पोहोचणाऱ्या अपायांविषयी वर जे काही सांगितले, ते या तबकड्यांना लागू होत नाही, कारण त्यासाठी तबकडी एकदा तरी फिरावी लागते.

लग्नाच्या चित्रणाने मात्र काळाबरोबर राहून पेनड्राइव्हचा स्वीकार केला आहे. पेनड्राइव्ह अंगठ्याच्या पेराएवढा असल्यामुळे त्यावर कुलस्वामिनी, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता मावत नाही, अशी एक अडचण आरंभी उद्भवली होती. ती दूर करण्यासाठी स्टुडिओवाल्यांनी पेनड्राइव्ह ठेवायला पुस्तकाएवढी लाकडी पेटी देण्यास सुरुवात केली. विशेष म्हणजे लेझर किरणही यात बेकार झालेला नाही. पूर्वी तो तबकडीत लग्न उमटवत असे आणि लेबलाला त्याची मदत लागत नसे. आता चित्रणाशी त्याचा संबंध उरलेला नसून तो पेटीच्या झाकणावर नवरानवरीची नावे कोरतो.

“पेटी तयार आहे, काका. नावं एकदम मस्त आलीत.”

“आणि शूटिंग?”

“मिक्सिंगला अजून महिना तरी लागेल. पेटी तर घेऊन जा.”

वरपिते पेटी घेऊन जातात. आत लाल मखमलीत पेनड्राइव्हच्या आकाराची रिकामी खाच असते; झाकण मिटून पेटी हातोहात सर्व नातेवाइकांत फिरते, सागवान आहे की एमडीएफ यावर मतभेद होतात, मामा झाकणावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात आणि सगळे वाहवा करतात. फक्त आत्या ती पेटी खिडकीपाशी नेऊन, चष्मा कपाळावर चढवून, बराच वेळ बोटाने चाचपत राहतात.

“अरे,” त्या म्हणतात, “आडनावातला रफार राहिलाय.”